क्रीटला चाललात? विमानतळ ते हॉटेल आणि भाड्याची गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसमधल्या क्रीट बेटावर आम्ही घरचे दोनदा जाऊन आलो. तेव्हापासून नातेवाइकांचे आणि सोसायटीतल्यांचे फोन सुरू आहेत. समुद्र कसा आहे हे कुणी विचारत नाही, सगळ्यांची चिंता गाडीची. दर वेळी तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. हे सगळं क्रीटपुरतं आहे. सँटोरिनी किंवा मिकोनोसला जाणाऱ्यांनी जसंच्या तसं उचलू नये, ती बेटं क्रीटपुढे अगदी चिमुकली आहेत.

गाडी घ्यायलाच हवी का? बेट ते केवढंसं असणार!

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. क्रीटची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर आहे, म्हणजे पुण्याहून कोल्हापूर गाठूनही थोडं अंतर उरेल. रुंदी काही ठिकाणी जेमतेम १२ किलोमीटर, पण मधोमध डोंगरांची रांग उभी. त्यातला प्सिलोरितिस २,४५६ मीटर उंच आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६. त्यामुळे नकाशावर ४० किलोमीटर दिसलं तरी दक्षिण किनाऱ्याकडे उतरताना ते सव्वा तासाचं काम असतं. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा.

गाडी हवी, पण रोज नको. आठवडाभराच्या सहलीत आम्हाला चार दिवस गाडी लागली, उरलेले दिवस ती हॉटेलबाहेर नुसती उन्हात तापली असती. ज्या दिवशी जुन्या शहरात किंवा हॉटेलजवळच्या किनाऱ्यावरच पडून राहायचं असेल, त्या दिवसाचं भाडं वाचवा.

कोणत्या विमानतळावर उतरावं?

राहणार कुठे ते आधी ठरवा आणि तिकीट मगच काढा. मधल्या आणि पूर्वेकडच्या भागासाठी हेराक्लिओन, म्हणजे निकोस काझान्झाकिस विमानतळ. हेर्सोनिसोस इथून सुमारे २५ किलोमीटर, आगिओस निकोलाओस ६५, रेथिम्नो ८०. पश्चिमेकडे, म्हणजे हान्या शहर किंवा बालोस, एलाफोनिसी हे समुद्रकिनारे, या बाजूला राहणार असाल तर हान्याचा विमानतळ बरा. तो आक्रोतिरी द्वीपकल्पावर आहे, शहरापासून साधारण १५ किलोमीटर. अगदी पूर्वेला सितिया इथेही छोटा विमानतळ आहे, पण तिथे विमानं मोजकीच येतात.

ओळखीतल्या एका कुटुंबाने स्वस्त तिकीट बघून हेराक्लिओन घेतलं आणि हॉटेल घेतलं हान्यात. दोन्हींमध्ये १४० किलोमीटर. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत गेले.

हेराक्लिओनजवळ कास्टेली इथे नवा विमानतळ बांधला जातोय. तो सुरू झाला की ही अंतरं बदलतील, तेव्हा तिकिटावरचं नाव नीट वाचा.

विमानतळावर उतरल्या उतरल्याच गाडी ताब्यात घ्यावी का?

माझं मत: नाही. भारतातून निघून आखातात किंवा इस्तंबूलला विमान बदलायचं, मग अथेन्सला पुन्हा बदलायचं आणि रात्री दहाला क्रीटला पोचायचं. एवढं झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा उजव्या बाजूने गाडी हाकायची, तीही अनोळखी रस्त्यावर, अंधारात आणि मागे पोरं झोपलेली. त्या रात्री टॅक्सीने हॉटेलवर जा, जेवा, झोपा. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवरच मागवा. क्रीटमधल्या बऱ्याच स्थानिक कंपन्या आणून देतात, कधी फुकट, कधी थोडे पैसे घेऊन. एक दिवसाचं भाडंही वाचतं.

अपवाद एकच: विमान सकाळी पोचणार असेल आणि हॉटेल लांब असेल, तर विमानतळावरच घेणं सोयीचं. बुकिंग करताना फ्लाइट नंबर द्यायला विसरू नका. विमान उशिरा आलं तर समोरच्याला कळतं. रात्री उशिरा गाडी द्यायचे काही जण जास्त पैसे लावतात, तेही आधीच विचारून घ्या.

टॅक्सी, आधी ठरवलेली गाडी की बस?

हेराक्लिओन विमानतळ शहरापासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे. शहरातच राहणार असाल तर फार विचार करू नका. बाहेर टॅक्सीची रांग असते, शहर बसही मिळते. हान्या विमानतळावरूनही शहरात बस जाते, अर्ध्या तासाचा प्रवास.

लांबच्या गावाला जायचं असेल तर बसण्याआधी भाडं विचारा. ग्रीसमध्ये टॅक्सीचे दर सरकारने ठरवलेले आहेत. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि शहराच्या हद्दीबाहेर वरचा दर लागतो, विमानतळाचे आणि सामानाचे पैसे वेगळे. म्हणजे मीटरवर दिसतं त्याहून थोडे जास्त मागितले की लगेच फसवणूक समजू नका. मात्र एका टॅक्सीत चारच माणसं बसतात. ‘पाचवा मांडीवर बसेल’ हे तिथे चालत नाही.

आजी-आजोबा आणि मुलं धरून सहा-सात जण असाल तर आधी ठरवलेली मोठी व्हॅन सगळ्यात सुखाची. भाडं माणशी नसतं, गाडीचं असतं. चालक नावाची पाटी घेऊन उभा राहतो, मुलांची सीट आधी सांगितली तर आणतो. बुकिंगच्या संदेशात हॉटेलच्या नावासोबत गावाचं नावही लिहा, कारण एकाच नावाची हॉटेलं क्रीटमध्ये दोन-तीन गावांत सापडतात.

लांब पल्ल्याच्या बसला तिथे केटेल म्हणतात. क्रीटमध्ये अशा दोन कंपन्या आहेत: एक हेराक्लिओन-लासिथीची, दुसरी हान्या-रेथिम्नोची. उत्तर किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांमध्ये बस वेळेवर सुटतात आणि चांगल्या असतात. हेराक्लिओन ते हान्या रेथिम्नोमार्गे पावणेतीन-तीन तास. बसच्या पोटात सामान टाकायचं आणि खिडकीतून समुद्र बघत जायचं. दक्षिणेकडच्या छोट्या गावांना मात्र दिवसातून एक-दोनच फेऱ्या असतात, हंगाम संपला की त्याही कमी होतात. आणि रेल्वे? क्रीटमध्ये रेल्वेच नाही.

आपलं लायसन्स चालतं का?

भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. ते आपल्याच आरटीओमधून मिळतं. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या प्रती हाताशी ठेवायच्या. मुदत एक वर्षाची. परमिट एकटं दाखवून भागत नाही, मूळ लायसन्सही खिशात हवं. ‘घरबसल्या दोन तासांत इंटरनॅशनल लायसन्स’ अशा जाहिराती करणाऱ्या वेबसाइटवरचं कार्ड म्हणजे रंगीत प्लास्टिक, त्यावर पैसे घालवू नका.

‘काउंटरवर कुणी परमिट मागितलंच नाही’ असं सांगणारे भेटतात. खरंही असेल. पण अपघात झाला की विमा कंपनी मागते, आणि तेव्हा नसलं तर सगळा खर्च आपल्या गळ्यात.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचं लायसन्स असलेल्या मराठी मंडळींना २०२१ मधल्या कायदेबदलानंतर हे परमिट लागत नाही, मूळ लायसन्स पुरतं. वयाची अट कंपनीगणिक वेगळी असते: बहुतेकांकडे किमान २१ किंवा २३, आणि लायसन्स निदान वर्षभर जुनं.

उजव्या बाजूने चालवणं जमेल का?

जमेल. पहिला अर्धा तास हात थरथरतात, मग सवय होते. आपल्या गाड्यांत इंडिकेटर सहसा उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणाला तुमचे वायपर फिरणार. कोरड्या उन्हात वायपर चालू असलेली गाडी दिसली की स्थानिकांना लगेच कळतं, पाहुणे आले!

सरळ रस्त्यावर चूक होत नाही, कारण समोरची गाडी बघून आपण आपोआप बाजू धरतो. चूक होते ती पेट्रोल पंपावरून किंवा किनाऱ्याच्या पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना. हात जुन्या सवयीने डावीकडे वळतात. आमच्याकडे शेजारी बसणाऱ्याला एकच काम होतं: गाडी सुरू झाली की मोठ्याने ‘उजवीकडे!’ म्हणायचं. बायकोने ते इतक्या निष्ठेने केलं की परत आल्यावर मुंबई विमानतळाबाहेरही तिच्या तोंडून तेच निघालं.

गिअर उजव्या हाताने टाकायचा. नेहमी ऑटोमॅटिक चालवत असाल तर लवकर बुकिंग करा, कारण तिथे मॅन्युअल गाड्याच जास्त आणि ऑटोमॅटिक महाग.

रस्ते कसे आहेत?

उत्तर किनाऱ्याने जाणारा मुख्य रस्ता म्हणजे ‘वोआक’. नावाला महामार्ग, पण बराचसा भाग दोनच लेनचा, मध्ये दुभाजक नाही आणि बाजूला रुंद साइडपट्टी. तिथली रीत अशी की सावकाश जाणाऱ्याने अर्धी गाडी साइडपट्टीवर घ्यायची आणि मागच्याला वाट द्यायची. कायद्यात हे बसत नाही, पण सगळे तसंच करतात. तुम्ही मधोमध सत्तरने चाललात तर मागे रांग लागते आणि आरशात दिवे चमकू लागतात. तरी बोगद्याच्या तोंडाशी किंवा वळणावर साइडपट्टीवर जाऊ नका, पुढे कुणी गाडी बंद पडून उभा असू शकतो. टोल नाही.

आत डोंगरात शिरलात की घाट. वरंधा किंवा आंबेनळी उतरलेल्या माणसाला त्यांची भीती वाटायचं कारण नाही, डांबर उलट बरंच बरं आहे. पण कठडे कमी आणि वळणापलीकडे शेळ्या. एलाफोनिसीच्या वाटेवर तोपोलियाच्या घळीत एकेरी बोगदा आहे, सिग्नल लाल असेल तर मुकाट थांबायचं.

रस्त्याकडेला छोट्या देवळासारखे पत्र्याचे किंवा दगडी कोनाडे दिसतील, आत तेलाचा दिवा आणि एखाद्या संताचं चित्र. पुष्कळदा ते अपघाताच्या जागी उभारलेले असतात, कधी गेलेल्याच्या आठवणीत, कधी वाचलेल्याने आभार म्हणून. एखाद्या वळणावर तीन-चार एकत्र दिसले की वेग कमी करा, त्याहून स्पष्ट पाटी कुठली असणार?

पाट्या वाचता येतात का?

मुख्य रस्त्यांवर ग्रीक आणि रोमन दोन्ही लिप्यांत असतात, आधी ग्रीक, थोडं पुढे रोमन. मात्र एकाच गावाचं स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. हेराक्लिओन हेच इराक्लिओ. ‘चानिया’ असं वाचलं जातं ते गाव म्हणजे हान्या. स्फाकियाच्या डोंगरात काही पाट्यांना भोकं दिसतील. ती गंजाची नाहीत, बंदुकीच्या गोळ्यांची आहेत. नेमबाजीची हौस, पर्यटकांशी वैर नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, दऱ्यांत रेंज जाते.

विम्याचं ते ‘फुल’ म्हणजे खरंच फुल असतं का?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

साध्या विम्यात एक ठरावीक रक्कम तुमच्यावर असते, तिला एक्सेस म्हणतात. नुकसान त्या रकमेपर्यंत तुम्ही भरायचं, वरचं विमा कंपनी. तेवढी रक्कम, कधी त्याहून जास्त, तुमच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. वेबसाइटवर गाडी फार स्वस्त दिसली की समजावं, काउंटरवर महागडा जादा विमा गळ्यात मारायचा प्रयत्न होणार.

दुसरं, साध्या विम्यातून चार गोष्टी हमखास वगळलेल्या असतात: टायर, काचा, आरसे आणि गाडीचा खालचा भाग. क्रीटच्या रस्त्यांवर नुकसान होतं ते नेमकं याच चारांचं. आमच्या पहिल्या सहलीत रिमला फुटपाथ घासला, बोटभर ओरखडा. कंपनीने वाहनतळावरच हिशेब मांडला, आणि करारात तळटीप होती म्हणून आम्हाला बोलायला तोंड नव्हतं. दुसऱ्या वेळी एका छोट्या स्थानिक कंपनीची गाडी घेतली. दिवसाचं भाडं थोडं जास्त, पण एक्सेस शून्य, डिपॉझिट नाही, टायर-काचा-खालचा भाग सगळं धरलेलं. क्रीटमध्ये अशा कंपन्या बऱ्याच आहेत. तुलना करताना नुसतं भाडं बघू नका, भाडं अधिक विमा अशी बेरीज करा.

तरीही ‘फुल’ विमा तीन गोष्टींनी रद्द होऊ शकतो: दारू, करारात नाव नसलेला चालक आणि कच्चा रस्ता. दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं लिहून घ्या.

मग बालोसला गाडी न्यावी की नाही?

बालोसच्या फोटोंसाठीच अर्धे लोक क्रीटला जातात. कालिव्यानी गावानंतर सुमारे आठ किलोमीटर खडबडीत कच्चा रस्ता आहे. बहुतेक विमे तिथे चालत नाहीत, काही करारांत तर बालोसचं नावच लिहिलेलं असतं. वाहनतळापासून पुढे पायी उतरायचं आणि भर उन्हात तेवढंच चढून यायचं. त्यापेक्षा किसामोस बंदरातून बोट घ्या, ती ग्राम्वुसा बेटावरही थांबते. गर्दी असते, पण टायर शाबूत राहतो.

समारियाच्या घळीसाठी गाडी किती वाजता काढावी?

काढूच नका. समारियाची पायवाट ओमालोसच्या पठारावर सुरू होते आणि १६ किलोमीटर उतरून आगिया रुमेलीला समुद्रावर संपते. आगिया रुमेलीला रस्ताच नाही. तिथून बोटीने सुयिया किंवा होरा स्फाकियोनला जायचं आणि मग बस. तुमची गाडी मात्र वर डोंगरात उभी. हान्याहून पहाटेची बस घ्या, संध्याकाळी बोट-बस करत परत या. घळ साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते, फार ऊन किंवा पाऊस असला तर बंदही ठेवतात. लुत्रो गावाचंही तसंच, तिथे फक्त बोटीने किंवा पायी जाता येतं.

पंपावर काय मागायचं?

हे पाठच करा. ग्रीकमध्ये ‘पेत्रेलेओ’ म्हणजे डिझेल! पेट्रोलला ‘वेन्झिनी’ म्हणतात, आणि शिसंविरहित पेट्रोलला ‘अमोलिव्दी’. पेट्रोलच्या गाडीत ‘पेट्रोल, पेट्रोल’ म्हणत बसलात तर घोटाळा व्हायची शक्यता आहे, आणि चुकीच्या इंधनाचा खर्च विम्यात नसतो. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा आणि पंपावरच्या माणसाला दाखवा. आपल्यासारखेच तिथेही बहुतेक ठिकाणी भरून देणारा माणूस असतो. गावातले पंप रात्री आणि रविवारी बंद असू शकतात, त्यामुळे डोंगरात जाण्याआधी अर्धी टाकी तरी हवी.

जेवणानंतर फुकट मिळणारी ती छोटी बाटली घ्यावी का?

ती राकी, तिथे त्सिकुद्या म्हणतात. क्रीटमधल्या खानावळीत जेवण झालं की फळं किंवा गोड आणि सोबत राकी येते, बिलात लागत नाही. नाही म्हटलं तर मालकाला वाईट वाटेल असं आपल्याला वाटतं. पण स्टिअरिंग धरल्यासारखे हात करून दाखवले की तो हसून ग्लास बाजूला करतो. कायद्याची मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल अशी आहे, नव्या चालकांना आणि दुचाकीवाल्यांना ०.२. राकी कडक असते. ज्याला चालवायचंय त्याने ग्लासाला हात लावू नये.

स्कूटर किंवा ती चारचाकी क्वाड बाइक?

क्रीटमध्ये मी घेणार नाही. अंतरं मोठी, वोआकवरची वाहतूक वेगवान, आणि उन्हाळ्यात मेल्तेमी वारा सुटला की वळणावर दुचाकी हलते. तरी घ्यायचीच असेल तर परमिटवर दुचाकीचा शिक्का आहे का बघा. नुसत्या कारच्या परमिटवर स्कूटर चालवली तर विमा नाही. हेल्मेट मागून घ्या. प्रवास विम्यात दुचाकीचा अपघात धरलाय का, तेही वाचा.

कोणती गाडी घ्यावी?

लहानात लहान, ज्यात सामान मावेल. जुन्या गावांतल्या गल्ल्या दोन बैलगाड्यांच्या मापाच्या आहेत. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा छोट्या हॅचबॅकमध्ये बसत नाहीत, तेव्हा एक वर्ग वरची घ्या नाहीतर बॅगा कमी करा. जुलै-ऑगस्टचे भाव मे किंवा ऑक्टोबरपेक्षा बरेच चढतात, त्यामुळे त्या महिन्यांचं बुकिंग तिकिटासोबतच उरकून टाका.

क्रेडिट कार्ड कुणाचं लागतं?

मुख्य चालकाच्याच नावाचं. वडिलांचं कार्ड आणि मुलाचं लायसन्स, हे काउंटरवर अडतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, आपल्याकडे नव्या कार्डांवर ते बंदच असतात. यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो निवडा. रुपयांतला दर तुमच्या बँकेचा नसतो आणि बहुतेक वेळा महाग पडतो.

पार्किंग?

निळ्या रेघा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे लावू नका. हान्याच्या जुन्या शहरात गाडी घालू नका, तटबंदीबाहेर लावा आणि दहा मिनिटं चाला.

भाड्याची गाडी फेरीबोटीत घालून सँटोरिनीला नेता येईल?

लेखी परवानगीशिवाय नाही. बोटीत चढली की बहुतेक करारांत विमा संपतो. क्रीटमध्ये गाडी परत करा, तिकडे दुसरी घ्या.

अपघात झाला तर?

गाडी हलवण्याआधी फोटो काढा. मग ११२ वर फोन करा, लगेच नंतर गाडीच्या कंपनीला. ‘जाऊ द्या, किरकोळ आहे’ म्हणत निघून गेलात तर विम्याला दाखवायला कागद राहत नाही.

गाडी परत करताना काय बघायचं?

घेताना चारही बाजूंचा, छताचा, रिमचा आणि डॅशबोर्डवरच्या इंधनकाट्याचा व्हिडिओ काढलेला असावा, परत करताना तसाच पुन्हा काढा. टाकी जेवढी मिळाली तेवढी भरून द्यायची. विमानतळाजवळच्या पंपावर गर्दी असते, त्यासाठी पंधरा मिनिटं धरा.

आणि दचकू नका: छोट्या स्थानिक कंपन्यांत परत घ्यायला कुणी येतही नाही. विमानतळाच्या वाहनतळावर लावा, किल्ली पायपुसणीखाली ठेवा, दार लॉक न करता जा, असा संदेश येतो. मला वाटलं, हे काहीतरी गौडबंगाल आहे. पहाटे पाचला गाडी तशीच उघडी सोडून निघालो, चेक-इनच्या रांगेतून तीनदा मागे वळून पाहिलं. अथेन्सला उतरलो तेव्हा फोनवर दोन शब्द आले होते: ‘गाडी मिळाली.’